कनेक्ट होतो, मिनिटभर टिकतो, पुन्हा जातो: ईएसएक्सआय होस्ट आणि व्हीसेंटरमधल्या तुटलेल्या जोडणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी. एकाच औद्योगिक वसाहतीत तिची दोन युनिटं आहेत, मध्ये फायबरची जोडणी. मुख्य युनिटच्या सर्व्हर रूममध्ये तीन ईएसएक्सआय होस्टचं क्लस्टर (एकत्र बांधलेला गट) आहे. ईएसएक्सआय ही व्हीएमवेअरची प्रणाली, जिच्यामुळे एका सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, अनेक व्हीएम (आभासी संगणक) चालतात. या सगळ्या होस्टचा कारभार एका जागेवरून बघणारं व्हीसेंटरही त्याच क्लस्टरवर व्हीएम म्हणून चालतं. दुसऱ्या युनिटमध्ये एकच होस्ट, क्लस्टरच्या बाहेरचा. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, गेटपास, लेबल छापणारा सर्व्हर, हजेरीची नोंद आणि एक डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) एवढं सगळं त्या एका मशीनवर. ते थांबलं की मालाची गाडी गेटवर उभी राहते. चारही होस्टवर आवृत्ती ६.७ होती.

मुख्य युनिटमधले तीन होस्ट आणि व्हीसेंटर एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) आहेत. चौथ्या होस्टचं मॅनेजमेंट नेटवर्क वेगळ्या सबनेटमध्ये आहे, आणि व्हीसेंटरपर्यंत जायला त्याला दुसऱ्या युनिटमधली फायरवॉल ओलांडावी लागते. या प्रकरणातला सगळा गुंता या एका फरकातून निघाला, पण पहिला अर्धा दिवस त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पुढचं समजण्यासाठी होस्ट आणि व्हीसेंटर एकमेकांशी कसे बोलतात ते आधी सांगतो. होस्टवर दोन एजंट असतात. होस्टडी हा होस्टचा आणि त्यावरच्या व्हीएमचा कारभार बघतो. व्हीपीएक्सए हा व्हीसेंटरचा होस्टवरचा प्रतिनिधी. व्हीसेंटरला काही काम करून घ्यायचं असलं की ते टीसीपीच्या (आधी जोडणी जुळवून, पोच घेत बोलण्याची पद्धत) ४४३ आणि ९०२ पोर्टवरून होस्टशी जोडणी करतं. याशिवाय होस्ट स्वतःहून दर १० सेकंदांनी व्हीसेंटरला यूडीपी (जोडणी न जुळवता, पोच न घेता पॅकेट सोडण्याची पद्धत) ९०२ वर एक छोटं पॅकेट पाठवतो, हार्टबीट. सलग ६० सेकंद एकही हार्टबीट पोचलं नाही, तर व्हीसेंटर त्या होस्टसमोर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. म्हणजे व्हीसेंटरला ऐकू येईनासं झालं, एवढाच त्याचा अर्थ. होस्ट बंद पडला असं त्यातून निघत नाही.

अडचण

बुधवारी रात्री ११च्या बॅकअपमध्ये दुसऱ्या युनिटच्या पाचही व्हीएमचे जॉब फेल झाले. रात्रपाळीच्या इंजिनिअरने व्हीसेंटर उघडलं तर चौथा होस्ट ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आणि त्याखालच्या व्हीएम करड्या रंगात, ‘डिस्कनेक्टेड’. त्याने युनिटमध्ये फोन केला. वजनकाटा चालू, लेबलं छापली जात होती, कोणाचीही तक्रार नव्हती.

त्याने होस्टवर राइट-क्लिक करून ‘कनेक्ट’ दिलं. काही क्षणांत होस्ट हिरवा झाला, व्हीएम दिसू लागल्या. तो बॅकअप पुन्हा सुरू करेपर्यंत सगळं परत करडं. पुन्हा कनेक्ट, पुन्हा तेच.

सकाळी त्याने आयटी प्रमुखांना फोन लावला.

“सर, होस्ट रीबूट करून बघू का? पाच-सात मिनिटांत वर येईल.”

“नको. त्यावर काटा चालू आहे, आणि सकाळच्या गाड्या लागल्यात. व्हीएम चालू आहेत ना? मग घाई कसली? आधी कारण कळू दे.”

माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सर्वात मोलाचा निर्णय हाच. हा होस्ट क्लस्टरमध्ये नव्हता, म्हणून एचएचा (होस्ट पडला तर व्हीएम दुसऱ्या होस्टवर आपोआप सुरू करणारी सोय) आधार नव्हता. व्हीसेंटरशी जोडणी नसल्याने व्हीएम दुसरीकडे हलवण्याची सोयही उरली नव्हती. रीबूट म्हणजे पाचही व्हीएम बंद करणं. आणि नंतर जे कारण सापडलं ते पाहता रीबूटने काहीही सुटलं नसतं. युनिट थांबलं असतं आणि मिनिटभराने होस्ट पुन्हा करडा झाला असता.

आमच्या टीमला बोलावलं गेलं ते यानंतर, गुरुवारी सकाळी.

पहिला संशय: काल संध्याकाळचं काम

‘अलीकडे काय बदललं?’ हा पहिला प्रश्न. उत्तर लगेच मिळालं: बुधवारी संध्याकाळी दुसऱ्या युनिटमध्ये यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. त्या कामात रॅकचा एक पॉवर फीड काही वेळ बंद होता. होस्टला दोन पॉवर सप्लाय असल्याने तो बंद पडला नाही, पण बाकी काही उपकरणं रीस्टार्ट झाली. वेळ इतकी नेमकी जुळत होती की विजेच्या झटक्याने होस्टचंच काहीतरी बिघडलं, असं सगळ्यांनी मनात धरलं. हार्डवेअरच्या नोंदी तपासल्या, त्यात एक पॉवर सप्लाय गेल्याची आणि परत आल्याची नोंद सोडता काही नव्हतं.

दुसरा संशय: स्टोरेज

होस्टच्या व्हीएमकर्नल लॉगमध्ये (ईएसएक्सआयच्या गाभ्याच्या नोंदी) एका एनएफएस डेटास्टोअरबद्दल (नेटवर्कवरून जोडलेली साठवणुकीची जागा) ‘ऑल पाथ्स डाउन’चे संदेश होते. आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनच्या डिस्कच्या प्रती) ठेवायला कधीकाळी जोडलेला एक जुना एनएएस (नेटवर्कवरचं साठवणुकीचं उपकरण), जो केव्हाच काढून टाकला होता. होस्टवरची त्याची नोंद मात्र तशीच राहिली होती.

हा संशय हवेतला नव्हता. स्टोरेजकडे जाणारे सगळे मार्ग तुटले की त्याच्याकडे केलेल्या विनंत्या लटकतात, त्यात होस्टडी अडकतो आणि होस्ट व्हीसेंटरला उत्तर देईनासा होतो, हे अनेकांनी अनुभवलेलं आहे. मूळ मुदत १४० सेकंदांची असते, त्यानंतर ईएसएक्सआय त्या डेटास्टोअरच्या मागे लागणं कमी करतं. त्यामुळे स्टोरेज बघणाऱ्या सहकाऱ्यांनी दुपारपर्यंत तोच धागा ओढला.

पण तो धागा पाच मिनिटांत सोडता आला असता. होस्टच्या पत्त्यावर थेट ब्राउझरने जायचं आणि रूट वापरून लॉगिन करायचं. ते पान होस्टडीच पुरवतो. आम्ही ते उघडलं तेव्हा पटकन लॉगिन झालं, व्हीएमची यादी क्षणात आली, एका व्हीएमचा कन्सोलही उघडला. होस्टडी अडकलेला असता तर हे झालं नसतं. एनएफएसची जुनी नोंद काढायलाच हवी होती, फक्त आजच्या दुखण्याशी तिचा संबंध नव्हता.

कोणते पर्याय समोर होते

दुपारच्या बैठकीत चार सूचना आल्या.

मॅनेजमेंट एजंट रीस्टार्ट करणं ही सर्वात सौम्य. होस्टच्या कन्सोलवर एफ२ दाबून ट्रबलशूटिंगच्या मेनूतून हे करता येतं किंवा शेलमधून (कमांड टाइप करण्याच्या खिडकीतून). व्हीएम चालू राहतात. आम्ही शेलमधून होस्टडी आणि व्हीपीएक्सए एवढेच दोन रीस्टार्ट केले. सगळ्या सेवा एका झटक्यात रीस्टार्ट करणारी एक स्क्रिप्ट आहे, पण नेटवर्क कार्डांवर एलएसीपी (अनेक केबल एकत्र बांधून एक जोडणी म्हणून वापरण्याची पद्धत) असेल तर ती वापरू नये अशी व्हीएमवेअरची सूचना आहे, आणि इथे एलएसीपी होतं. परिणाम: होस्ट हिरवा, मग मिनिटभराने करडा.

हार्टबीटची मुदत ६० वरून १२० सेकंद करणं ही दुसरी सूचना. व्हीसेंटरच्या प्रगत सेटिंगमध्ये हे करता येतं. मधूनमधून पॅकेट हरवत असतील तर त्याने थोडा काळ निभावतं. पॅकेट मुळीच पोचत नसेल तर होस्ट एकऐवजी दोन मिनिटांनी करडा होईल. आम्ही ते केलं नाही, कारण मूळ खूण पुसट करणारा बदल तपास चालू असताना करू नये.

तिसरी सूचना सर्वात मोहाची: होस्ट व्हीसेंटरच्या इन्व्हेंटरीतून (यादीतून) काढून पुन्हा जोडायचा. इंटरनेटवर शोधलं की हाच सल्ला आधी मिळतो. त्यावर थोडं सविस्तर बोलायला हवं. ‘डिस्कनेक्ट’ आणि ‘रिमूव्ह’ मेनूत जवळजवळ असले तरी त्यांच्या परिणामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिस्कनेक्ट केलेला होस्ट व्हीसेंटरच्या डेटाबेसमध्ये राहतो. रिमूव्ह केला की त्या होस्टच्या आणि त्यावरच्या व्हीएमच्या नोंदी जातात: दिलेल्या परवानग्या, फोल्डरमधली मांडणी, कामगिरीचा जुना आलेख, सगळं. पुन्हा जोडल्यावर त्याच व्हीएमना व्हीसेंटर नवे अंतर्गत ओळख क्रमांक देतं. बॅकअप सॉफ्टवेअर व्हीएम ओळखतं ते त्याच क्रमांकावरून. त्यामुळे त्याच्या लेखी या पाच नव्याच व्हीएम झाल्या असत्या. जुने जॉब तुटले असते आणि दोन युनिटांमधल्या लाइनवरून पाचही व्हीएमचा पूर्ण बॅकअप नव्याने घ्यावा लागला असता. एक रात्र आधीच हुकलेली असताना ही जोखीम घेण्यात अर्थ नव्हता.

चौथी सूचना नेटवर्क तपासण्याची. त्यावर नेटवर्कच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की नेटवर्क स्वच्छ आहे, व्हीसेंटरवरून होस्टच्या ९०२ ला टेलनेट (पोर्टशी जोडणी होते का ते बघणारं साधन) लागतोय, ४४३ लागतोय, पिंग जातोय.

निर्णायक चाचणी

हे म्हणणं खरंच होतं. पण टेलनेट टीसीपी तपासतो. हार्टबीट यूडीपीवर जातं आणि उलट्या दिशेने, होस्टकडून व्हीसेंटरकडे. पोर्टचा आकडा एकच असल्यामुळे ‘९०२ उघडा आहे’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एक होऊन बसल्या होत्या.

मग होस्टच्या शेलमधून नेटकॅट या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने व्हीसेंटरचा यूडीपी ९०२ तपासला, तर ‘सक्सीडेड’ आलं. इथे पुन्हा फसायला होतं. यूडीपीत पोच देण्याची पद्धत नाही. नेटकॅट पॅकेट सोडतो आणि ‘हा पोर्ट बंद आहे’ असा आयसीएमपी (नेटवर्कच्या अडचणी कळवणारी पद्धत) निरोप परत आला नाही तर यशस्वी म्हणून सांगतो. फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं तरी उत्तर ‘सक्सीडेड’च येणार.

गाठ सुटली ती व्हीसेंटरच्या इव्हेंट्स टॅबवरून. टीममधल्या एका मुलीने रात्रीपासूनच्या सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवल्या: कनेक्ट किती वाजता, नॉट रिस्पॉन्डिंग किती वाजता. प्रत्येक वेळी मधलं अंतर एक मिनिटाच्या आसपास. बिघडलेलं कार्ड किंवा सैल केबल असती तर हे अंतर कधी दहा सेकंद, कधी अर्धा तास असं आलं असतं. ठरावीक एक मिनिट म्हणजे ६० सेकंदांची मुदत संपतेय. व्हीसेंटर स्वतः टीसीपीने जोडणी करतं ती यशस्वी होते, म्हणून होस्ट हिरवा. त्यानंतर हार्टबीटची वाट बघतं, एकही येत नाही, म्हणून करडा.

आता दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेट पकडायचे होते. होस्टवर ईएसएक्सआयसोबत येणारा टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारं साधन) व्हीएमके० या मॅनेजमेंट इंटरफेसवर लावला, यूडीपी ९०२ एवढ्याचाच फिल्टर. दर दहा सेकंदांनी एक ओळ उमटत होती, पाठवणारा पोर्ट तोच, जाण्याचा पत्ता व्हीसेंटरचा. हा पत्ता बरोबर आहे का हेही पाहिलं, कारण व्हीसेंटरचा आयपी बदलला आणि व्हीपीएक्सएच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जुनाच राहिला, तर हार्टबीट भलतीकडे जातात. इथे पत्ता बरोबर होता.

व्हीसेंटरच्या शेलमध्ये तोच फिल्टर लावला. क्लस्टरमधल्या तिन्ही होस्टचे पॅकेट नियमित येत होते. चौथ्याचं एकही नाही. बाकीच्या तिघांचे दिसत असल्याने आपलं पकडणंच चुकतंय, ही शंका उरली नाही. होस्टमधून पॅकेट निघत होतं, व्हीसेंटरपर्यंत येत नव्हतं, आणि मध्ये फायरवॉल होती.

मूळ कारण

फायरवॉलच्या लॉगमध्ये या पॅकेटचा मागमूस नव्हता. शेवटच्या ‘बाकी सगळं नाकारा’ या रूलचं लॉगिंग बंद ठेवलेलं होतं. ते चालू केल्याबरोबर दर दहा सेकंदांनी नाकारल्याची नोंद दिसू लागली.

आधीच्या रविवारी फायरवॉलवर रूलची साफसफाई झाली होती. जुने, वापरात नसलेले रूल काढायचे होते. होस्टकडून व्हीसेंटरकडे यूडीपी ९०२ सोडणारा रूल त्यात गेला, आणि तो काढण्यामागची दोन्ही कारणं वरवर पाहता पटण्यासारखी होती. पहिलं, व्हीसेंटरकडून होस्टकडे ९०२ चा रूल आहेच, आणि स्टेटफुल (चालू जोडण्या लक्षात ठेवणारी) फायरवॉल परतीची पॅकेट आपोआप सोडते, मग उलट दिशेचा रूल कशाला? टीसीपीच्या बाबतीत हे बरोबर आहे. हार्टबीट मात्र परतीचं पॅकेट नसतं, होस्ट ते स्वतःहून पाठवतो, त्याला स्वतंत्र परवानगी लागते.

दुसरं कारण अधिक बोलकं आहे. त्या रूलचा हिट काउंटर (रूल किती वेळा वापरला गेला तो आकडा) जवळजवळ हलतच नव्हता. हा काउंटर नवीन सेशन, म्हणजे नव्याने सुरू झालेले संवाद, मोजत होता, प्रत्येक पॅकेट नव्हे. होस्ट कित्येक महिने रीस्टार्ट झालेला नव्हता, त्याचं हार्टबीट एकाच पोर्टवरून दर दहा सेकंदांनी जात होतं, म्हणजे फायरवॉलच्या दृष्टीने एकच अखंड सेशन. ते कधी कालबाह्य झालं नाही, म्हणून नवीन सेशन उघडलं नाही, म्हणून हिट वाढला नाही. जो रूल अहोरात्र कामात होता, तोच यादीत ‘न वापरलेला’ दिसत होता.

मग रविवारीच होस्ट का गेला नाही? या फायरवॉलवर रूल बदलला तरी आधीपासून चालू असलेली सेशन तशीच ठेवण्याची सेटिंग होती. ते सेशन रविवार, सोमवार, मंगळवार चालत राहिलं. बुधवारी बॅटऱ्या बदलताना फायरवॉल रीस्टार्ट झाली, सेशनची यादी रिकामी झाली, आणि पुढचं हार्टबीट पहिल्यांदाच नव्या रूलसमोर उभं राहिलं. यूपीएसच्या कामावरचा संशय असा अर्धा खरा निघाला. बिघाड उघडा पडला त्या कामाने, घडला होता तीन दिवस आधी.

केलेली कारवाई

रूल परत घालायला कंपनीच्या पद्धतीप्रमाणे शुक्रवारच्या बदल समितीची मंजुरी लागत होती. तोवर थांबायचं की तातडीची मंजुरी घ्यायची, हा शेवटचा निर्णय. व्हीएम चालू होत्या, त्यामुळे थांबता आलं असतं. पण थांबणं म्हणजे बॅकअपची दुसरी रात्र हुकवणं, आणि गेटपास व वजनकाट्याचा डेटा रोजच्या रोज बदलतो. आयटी प्रमुखांनी दोन्ही पॅकेट-नोंदी आणि फायरवॉलचा नकार एका मेलमध्ये जोडून तातडीची मंजुरी मागितली. पुरावा समोर असल्याने ती तासाभरात मिळाली.

जुना रूल पूर्ण सबनेटसाठी होता. नवा रूल फक्त त्या होस्टच्या मॅनेजमेंट पत्त्यापासून व्हीसेंटरच्या पत्त्यापर्यंत, यूडीपी ९०२ पुरता. रूल लागू झाला तेव्हा व्हीसेंटरच्या शेलमध्ये टीसीपीडंप चालूच होता. चौथ्या होस्टचं पहिलं पॅकेट तिथे दिसलं. थोड्या वेळात कोणीही ‘कनेक्ट’ न दाबता होस्ट आपोआप हिरवा झाला. एक मिनिट गेलं, पाच गेली, अर्धा तास गेला, तो हिरवाच राहिला.

परिणाम

गुरुवारी रात्रीचा बॅकअप जुन्याच जॉबमधून, फक्त बदललेल्या भागापुरता झाला. होस्ट इन्व्हेंटरीतून न काढल्याचा हा थेट फायदा. दोन दिवसांत एकही व्हीएम थांबली नाही, युनिटच्या कामावर परिणाम शून्य. हुकली ती बुधवारची एक रात्र. जुन्या एनएफएस डेटास्टोअरची नोंद पुढच्या शनिवारी वेगळं काम म्हणून काढली.

वेगळं काय करता आलं असतं

होस्ट करडा झाला बुधवारी संध्याकाळी, लक्षात आलं रात्री ११ नंतर. व्हीसेंटरमध्ये होस्टच्या जोडणीचा आणि पॉवरचा अलार्म मुळातच असतो, तो वाजलाही होता. त्याला मेल पाठवण्याची कृती जोडलेली नव्हती. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि ते आता झालं आहे.

तपासाचा क्रम बदलता आला असता. होस्टचं वेब पान थेट उघडणं आणि इव्हेंट्समधल्या वेळा मांडणं, ही दोन कामं सकाळी केली असती तर स्टोरेजचा अर्धा दिवस वाचला असता. थेट लॉगिन होतंय आणि जोडणी ठरावीक मिनिटाने तुटतेय, एवढं कळलं की यूडीपी ९०२ शिवाय फारसं काही उरत नाही.

‘अलीकडे काय बदललं’ हा प्रश्न फक्त आदल्या दिवसापुरता विचारला गेला. रविवारच्या साफसफाईचं कोणाला आठवलं नाही, कारण त्यानंतर तीन दिवस सगळं नीट चाललं होतं. जिथे जुनी सेशन जपली जातात तिथे रूलमधला बदल रीस्टार्टनंतरच खरा कळतो, तेव्हा शेवटच्या रीस्टार्टआधीच्या बदलांचीही यादी मागवायला हवी. फायरवॉलवर मोठा बदल केल्यावर ठरवलेल्या वेळेत, माणसं हजर असताना सेशन एकदा साफ करून बघावीत असं मी सुचवलं. नेटवर्कच्या सहकाऱ्यांना हे लगेच मान्य झालं नाही. दोन्ही युनिटांच्या फायरवॉलमधून उत्पादनाच्या मशीनचाही डेटा जातो, त्यांच्या जोडण्या तुटल्या तर काही कंट्रोलर हाताने पुन्हा सुरू करावे लागतात. त्यांची अडचण रास्त आहे. सध्या ठरलं आहे ते असं: साफसफाईनंतर मॅनेजमेंट सबनेटची सेशन तेवढी साफ करायची, उत्पादनाच्या बाजूला हात लावायचा नाही.

रूलच्या टिप्पणीत पूर्वी फक्त एक तिकीट क्रमांक होता, ज्याचं तिकीट आता सापडत नाही. नव्या रूलवर लिहिलं आहे: ‘ईएसएक्सआय हार्टबीट. होस्ट स्वतःहून पाठवतो, परतीचं पॅकेट नव्हे. हिट कमी दिसतील, काढण्याआधी आयटी प्रमुखांना विचारा.’ नाकारलेल्या पॅकेटचं लॉगिंग मॅनेजमेंट सबनेटसाठी कायम चालू ठेवलं आहे. बाकी सबनेटसाठी नोंदी फार वाढतात म्हणून ते तूर्त बंद आहे. होस्टची आवृत्ती बदलण्याचं कामही आता हाती घेतलं आहे, कारण ६.७ चा सर्वसाधारण सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ रोजी संपला. अपग्रेडनंतर करायच्या तपासणीत चौथ्या होस्टचं हार्टबीट व्हीसेंटरच्या बाजूने पकडून बघणं ही पहिली नोंद आहे.